क्लासिक रॉकच्या दुर्मीळ रेकॉर्ड कशा जमवाव्यात: बेळगाव सीमाभागातील संग्राहकांसाठी

जुन्या रॉक अल्बमची रेकॉर्ड हातात आली की बहुतेक नवे संग्राहक आधी कव्हर पाहतात, आणि विकणाराही कव्हरच पुढे करतो. वास्तविक एकाच चित्राच्या कव्हरखाली, गेल्या पन्नास-साठ वर्षांत, निरनिराळ्या देशांत आणि निरनिराळ्या कारखान्यांत एकाच अल्बमच्या शेकडो आवृत्त्या निघालेल्या असतात. त्यांपैकी एखाद-दुसरीसाठी जगभरचे संग्राहक वाटेल ती किंमत मोजतात आणि बाकीच्या कोणत्याही दुकानात सहज मिळतात. हा फरक कव्हरवर क्वचितच दिसतो. शेवटचे गाणे संपल्यावर लेबलापर्यंत जी गुळगुळीत, रिकामी पट्टी उरते तिला रन-आउट म्हणतात. तिथे कोरलेली अक्षरे आणि आकडे वाचता येऊ लागले, म्हणजे या छंदातील निम्म्याहून अधिक काम झाले असे समजावे. म्हणून या लेखात सर्वांत जास्त जागा त्या पट्टीला दिली आहे. टर्नटेबल, स्पीकर यांची चर्चा इतरत्र भरपूर सापडते.

बेळगाव हे या छंदासाठी वाटते तितके आडवळणाचे गाव नाही. इथे ब्रिटिश काळापासून छावणी आहे, मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र आहे, कॉन्व्हेंट आणि मिशनच्या शाळा आहेत, आणि कॅम्प भागात गोव्याकडून येऊन स्थायिक झालेली ख्रिस्ती कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आहेत. निवृत्त लष्करी अधिकारी, जहाजावर किंवा आखातात नोकरी केलेली माणसे आणि साठ-सत्तरच्या दशकात मुंबई-पुण्याला शिकून परत आलेले लोक यांच्या घरांत इंग्रजी रेकॉर्ड आल्या आणि पुढे पोटमाळ्यावर गेल्या. अर्थात हा मुलूख मुळात गाण्याचा आहे तो दुसऱ्या अर्थाने. कुमार गंधर्वांचा जन्म जवळच्या सुळेभावीचा, आणि कोणताही जुना गठ्ठा सोडला की वर नाट्यसंगीत, अभंग आणि कन्नड भक्तिगीतेच येणार. रॉक शोधणाऱ्याने त्याला कंटाळून चालणार नाही. ते का, हे पुढे ७८च्या (म्हणजे मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या, लाखेच्या जुन्या) रेकॉर्डच्या संदर्भात येईल.

रेकॉर्ड कशी घडते, हे आधी समजून घ्यावे

स्टुडिओत तयार झालेली अंतिम ध्वनिफीत कटिंग इंजिनिअर एका यंत्रावर वाजवतो आणि लॅकरचा थर दिलेल्या ॲल्युमिनियमच्या चकतीवर तिचा चर कोरतो. त्या चकतीवर धातूचा मुलामा चढवून उलटी प्रत काढतात, तिच्यावरून सुलटी प्रत म्हणजे ‘मदर’ आणि मदरवरून पुन्हा उलटा साचा म्हणजे ‘स्टँपर’ तयार होतो. दोन स्टँपरांच्या मध्ये तापवलेला पीव्हीसीचा गोळा दाबला की रेकॉर्ड होते. स्टँपर झिजतो, मग मदरवरून दुसरा काढतात. मदर निकामी झाली की दुसरी मदर काढतात. काही वर्षांनी मागणी पुन्हा वाढली की ध्वनिफितीवरून, पुष्कळदा तिच्या नकलेवरून, नव्याने चर कोरतात. या साखळीत जितके मागे, मुळाच्या जितके जवळ जावे, तितकी रेकॉर्डची किंमत सामान्यतः वाढते.

सामान्यतः, असे मुद्दाम म्हटले आहे, कारण जुनी रेकॉर्ड म्हणजे दुर्मीळ रेकॉर्ड हे समीकरण खरे नाही. फ्लीटवुड मॅकचा ‘रूमर्स’ १९७७ साली निघाला आणि त्याच्या इतक्या प्रती खपल्या, की त्याची पहिली आवृत्तीदेखील मिळणे कठीण नाही. दुर्मीळता येते ती वेगळ्या कारणांनी: प्रतीच कमी निघाल्या, कव्हर मागे घेतले गेले, छपाईत काही लवकर बदलले, किंवा आधी कोरलेला चर रद्द करून दुसरा कोरला गेला. अमेरिकेत १९६६ साली कॅपिटल कंपनीने बीटल्सच्या ‘येस्टरडे अँड टुडे’ या अल्बमचे, खाटकाच्या वेषातील छायाचित्र असलेले कव्हर मागे घेतले आणि शिल्लक प्रतींवर दुसरे चित्र चिकटवून त्या विकल्या. आज त्या कव्हरला मिळणारी किंमत आतल्या संगीतामुळे आलेली नाही.

रन-आउट वाचण्याची पद्धत

रेकॉर्ड दोन्ही तळव्यांमध्ये कडेने धरावी, बोटे चरांवर टेकवू नयेत आणि मोबाइलच्या टॉर्चचा प्रकाश सरळ वरून न टाकता बाजूने, तिरपा टाकावा. मग पट्टीवरील खुणा स्पष्ट उठून दिसतात. जे दिसते ते जसेच्या तसे वहीत उतरवावे: अक्षरे, आकडे, मधली रेघ, खाडाखोड, शेवटची १ किंवा २ ही संख्या, आणि ती खूण यंत्राने ठोकलेली आहे की हाताने खरवडलेली आहे. या शेवटच्या गोष्टीकडे दुर्लक्ष होते, पण बनावट प्रती पकडायला तिचाच सर्वाधिक उपयोग होतो. मूळ कारखान्याने ठोकलेला क्रमांक नक्कल करणाऱ्याने बहुधा हाताने कोरलेला असतो. दोन्ही बाजूंचे क्रमांक वेगवेगळे उतरवावेत, कारण पहिल्या बाजूचा चर मूळचा आणि दुसऱ्या बाजूचा नंतर कोरलेला, अशा मिश्र प्रती असंख्य आहेत.

ब्रिटनच्या ईएमआय कंपनीची पद्धत सर्वांत शिस्तशीर होती, म्हणून शिकण्याची सुरुवात तिच्यापासून करावी. बीटल्स आणि पिंक फ्लॉइड यांचे, तसेच डीप पर्पलचे सत्तरच्या दशकातील अल्बम तिच्याच कारखान्यात तयार झाले. मॅट्रिक्स क्रमांक (रेकॉर्डची बाजू आणि तिच्यासाठी कोरलेला चर ओळखण्याचा मुख्य क्रमांक) आपल्या बाजूला, म्हणजे घड्याळातील सहाच्या जागी, येईल अशी रेकॉर्ड धरली, की डावीकडे नऊच्या जागी एक आकडा दिसतो. तो मदरचा क्रमांक. उजवीकडे तीनच्या जागी एक, दोन किंवा तीन अक्षरे असतात. तो स्टँपरचा क्रमांक, आणि तो ‘ग्रामोफोन लिमिटेड’ या इंग्रजी नावातून निवडलेल्या दहा अक्षरांत लिहिलेला असतो. जी म्हणजे १, आर २, ए ३, एम ४, ओ ५, पी ६, एच ७, एल ८, टी ९ आणि डी म्हणजे ०. डावीकडे १ आणि उजवीकडे एकटा ‘जी’ असेल, तर ती पहिल्या मदरवरून काढलेल्या पहिल्या स्टँपरची प्रत. ‘जीडी’ म्हणजे दहावा स्टँपर, ‘आरओ’ म्हणजे पंचविसावा. हा तक्ता पाठ करायला एक संध्याकाळ पुरते आणि नंतर तो जन्मभर उपयोगी पडतो.

इतर कंपन्यांच्या खुणा इतक्या नियमबद्ध नाहीत, परंतु चर कोरणाऱ्या इंजिनिअरांनी आपल्या सह्या ठेवल्या आहेत. लेड झेपलिनचा दुसरा अल्बम १९६९च्या ऑक्टोबरात आला, तेव्हा अमेरिकेतील पहिल्या आवृत्तीचा चर रॉबर्ट लुडविग यांनी फार जोरकस कोरला होता. स्वस्त यंत्रांवर पिन उडू लागल्याने तो लवकरच बदलण्यात आला. त्या पहिल्या आवृत्तीच्या रन-आउटवर ‘आरएल’ ही दोन अक्षरे हाताने कोरलेली आहेत आणि केवळ त्या दोन अक्षरांसाठी संग्राहक कित्येक पट पैसे मोजतात. इंग्लंडातील जॉर्ज पेकॅम यांनी कोरलेल्या रेकॉर्डवर ‘पोर्की’ किंवा ‘ए पोर्की प्राइम कट’ असे लिहिलेले सापडते. हे दिसले की रेकॉर्ड खाली ठेवू नये.

प्रत्येक महत्त्वाच्या अल्बमची स्वतःची ठरलेली ओळखचिन्हे असतात आणि ती खरेदीला जाण्यापूर्वी माहीत असावी लागतात. पिंक फ्लॉइडचा ‘द डार्क साइड ऑफ द मून’ हा मार्च १९७३ मधील अल्बम घ्या. त्याच्या ब्रिटनमधील पहिल्या आवृत्तीचा क्रमांक एसएचव्हीएल ८०४, लेबलवरील त्रिकोण पूर्ण निळ्या रंगाने भरलेला, मॅट्रिक्सच्या शेवटी दोन्ही बाजूंना २, आणि आत दोन पोस्टर व दोन स्टिकर. त्रिकोणाची नुसती बाह्यरेषा असेल तर ती नंतरची आवृत्ती. लेड झेपलिनच्या पहिल्या अल्बमच्या ब्रिटनमधील सुरुवातीच्या कव्हरवर बँडचे नाव नारिंगीऐवजी फिरोजी रंगात छापले गेले होते. याच कव्हरच्या बनावट प्रतीही भरपूर आहेत, तेव्हा तिथे रंगावर विश्वास न ठेवता लेबल आणि रन-आउट तपासावे. बीटल्सच्या १९६३ मधील ‘प्लीज प्लीज मी’ची पहिली आवृत्ती पार्लोफोन या ईएमआयच्याच ब्रँडच्या काळ्या-सोनेरी लेबलवर आली. तिच्यातही मोनोपेक्षा स्टिरिओ प्रत कितीतरी दुर्मीळ आहे. बीटल्सच्याच नोव्हेंबर १९६८च्या पांढऱ्या दुहेरी अल्बमवर प्रत्येक प्रतीचा अनुक्रमांक उठवलेला होता, ब्रिटनमधील पहिल्या कव्हरचे तोंड वरच्या बाजूला होते आणि आत एक पोस्टर व चौघांची चार छायाचित्रे होती. पहिल्या क्रमांकाची प्रत खुद्द बीटल्सचा ड्रमवादक रिंगो स्टार याच्याकडे होती आणि ती २०१५ साली ७ लाख ९० हजार डॉलरना विकली गेली. असल्या बातम्या वाचून आपल्या पोटमाळ्यावरील पांढऱ्या अल्बमविषयी फार आशा धरू नये, पण अनुक्रमांक मात्र जरूर पाहावा.

कव्हरवर बारकोड छापलेला असेल तर साठ-सत्तरच्या दशकातील मूळ आवृत्तीचा विचार तिथेच सोडावा. रेकॉर्डवर बारकोड येऊ लागले ते सुमारे १९८० पासून. हातात घेताच जड लागणारी, १८० ग्रॅम वजनाची रेकॉर्ड बहुतेक वेळा अलीकडचे पुनर्मुद्रण असते, आणि ऐकायला ती उत्तम असू शकते.

डमडमची रेकॉर्ड

सीमाभागातील संग्राहकाने ब्रिटनच्या पहिल्या आवृत्तीमागे धावण्यापेक्षा भारतीय प्रेसिंगकडे, म्हणजे इथे दाबलेल्या रेकॉर्डकडे, आधी वळावे, असे माझे ठाम मत आहे. ईएमआयच्या भारतीय शाखेचा, म्हणजे ग्रामोफोन कंपनीचा, कारखाना कोलकात्याजवळ डमडम येथे होता आणि इंग्रजी पॉप-रॉकचे असंख्य अल्बम तिथे तयार होऊन देशभर गेले. त्यांतील पुष्कळ अल्बमसाठी इंग्लंडहून आलेले धातूचे साचे वापरले गेले. म्हणजे चर तोच, अनेकदा मॅट्रिक्स क्रमांकही तोच, फक्त रेकॉर्ड इथे दाबलेली. परदेशी बाजारात या प्रतींना त्यांच्या कमी संख्येमुळे आणि वेगळ्या लेबलांमुळे चांगली मागणी आहे, आणि आपल्याकडे मात्र कित्येक घरांत त्यांना रद्दीचा भाव मिळतो.

इथेच एक सापळाही आहे. रन-आउटवर ब्रिटनचा क्रमांक दिसला म्हणून रेकॉर्ड ब्रिटनची ठरत नाही. लेबलच्या कडेने बारीक अक्षरांत ‘मेड इन इंडिया’ असे छापलेले आहे का आणि कव्हरच्या मागे तळाशी डमडमचा उल्लेख आहे का, हे दोन्ही पाहावे. भारतीय कव्हर इथेच छापलेले असल्यामुळे त्याचा पुठ्ठा अनेकदा पातळ आणि रंग किंचित वेगळे असतात. काही विक्रेते परदेशी कव्हरात भारतीय रेकॉर्ड घालून, किंवा उलट करून, ती जोडी मूळची म्हणून विकतात. कव्हरवरील आणि लेबलवरील क्रमांक व देश जुळल्याशिवाय पैसे देऊ नयेत. पॉलिडॉरच्या भारतीय शाखेने आणि पुढे ऐंशीच्या दशकात सीबीएसनेही इथे इंग्रजी अल्बम काढले. त्यांनाही हाच नियम लागू आहे.

भारतीय प्रेसिंगचा एक दोष मान्य केला पाहिजे. पीव्हीसीचा कच्चा माल नेहमी सारख्या दर्जाचा नसे, त्यामुळे दिसायला चकचकीत असलेली रेकॉर्डही शांत जागांत खरखरते. म्हणून भारतीय प्रत शक्य तिथे ऐकूनच घ्यावी.

आता ७८च्या रेकॉर्डविषयी. ब्रिटनमध्ये १९६०च्या सुमारास ७८ फेऱ्यांच्या रेकॉर्डचे उत्पादन थांबले, म्हणजे बीटल्सचे पहिले गाणे येण्यापूर्वीच. भारतात मात्र वीज नसलेल्या हजारो गावांत चावीचे फोनो चालू होते, त्यामुळे इथे ते उत्पादन आणखी काही वर्षे टिकले आणि बीटल्सची गाणी पार्लोफोन लेबलवर, लाखेच्या ७८च्या तबकड्यांवर निघाली. जगात फार थोड्या देशांत असे घडले, आणि या तबकड्यांसाठी आज परदेशी संग्राहक आवर्जून भारताकडे पाहतात. त्या सापडतात त्या रॉकच्या गठ्ठ्यात नव्हे. बालगंधर्वांच्या पदांच्या, कीर्तनांच्या आणि हिंदी चित्रपटगीतांच्या ७८च्या चळतीत एखादी पार्लोफोनची तबकडी दडलेली असू शकते, म्हणून खानापूर-निपाणीकडच्या वाड्यांतील किंवा जुन्या हॉटेलांतील चळत शेवटच्या तबकडीपर्यंत तपासावी. लाखेची तबकडी एकदा हातून सुटली की तिचे तुकडेच होतात. ती आडवी धरून, खालून आधार देऊन उचलावी.

भारतीय बँडच्या रेकॉर्ड हा आणखी एक वेगळा, आणि माझ्या मते सर्वांत आकर्षक, विभाग आहे. सिमला नावाच्या सिगारेटच्या जाहिरातीसाठी भरवलेल्या बँडस्पर्धांतील गाण्यांचे ‘सिमला बीट’ नावाचे दोन अल्बम १९७० आणि १९७१ साली निघाले. मूळ प्रती अतिशय दुर्मीळ आहेत आणि नंतर परदेशातून त्यांची पुनर्मुद्रणे निघाली आहेत, तेव्हा मूळ कोणती हे पारखूनच व्यवहार करावा. आनंद शंकर यांचे सतार आणि रॉक यांचा मेळ घालणारे अल्बमही याच कप्प्यात येतात. बीटल्समधील जॉर्ज हॅरिसनने ‘वंडरवॉल म्युझिक’चा काही भाग जानेवारी १९६८ मध्ये मुंबईच्या एचएमव्ही स्टुडिओत, भारतीय वादकांना घेऊन ध्वनिमुद्रित केला. हा अल्बम या संग्रहात असायलाच हवा.

शोध कुठे घ्यावा

सर्वांत चांगला माल दुकानात येतच नाही. कॅम्प, टिळकवाडी, हिंदवाडी भागांतील जुने बंगले पाडून फ्लॅट होतात, मुले बेंगळुरूला किंवा परदेशी असतात, आणि घर रिकामे करताना रेकॉर्ड थेट रद्दीवाल्याकडे जातात. त्यामुळे रद्दीवाले, भंगारवाले, जुने फर्निचर घेणारे आणि पॅकर्सची माणसे यांना आपला फोन क्रमांक देऊन ठेवावा आणि आणून दिलेल्या मालाला, तो निरुपयोगी असला तरी, थोडेफार पैसे द्यावेत. नाहीतर पुढच्या वेळी ते आपल्याकडे येणार नाहीत. विक्रेता कन्नड बोलणारा असेल तर निदान ‘एष्ट री?’ (केवढ्याला?) एवढे तरी आपल्या तोंडी असावे. सीमाभागात भाषेवरून कितीही वाद होवोत, बाजारात दोन शब्दांनी भाव खाली येतो असा अनुभव आहे. रेडिओ व ॲम्प्लिफायर दुरुस्त करणाऱ्या जुन्या कारागिरांकडेही चौकशी करावी. मंडपवाल्यांच्या आणि लाउडस्पीकरवाल्यांच्या रेकॉर्ड मात्र जवळजवळ नेहमीच झिजलेल्या असतात, आणि त्यांत रॉक नसतेच.

घरी जाऊन पाहायचे असेल तर घाई दाखवू नये. कॅम्पातील एखाद्या वृद्ध आंटींच्या किंवा निवृत्त कर्नलसाहेबांच्या दिवाणखान्यात त्या रेकॉर्ड म्हणजे त्यांचे तरुणपण असते, आणि गठ्ठ्यातून चारच निवडून बाकी परत केल्या तर ते सहसा दुखावतात. शक्य असेल तर सर्व गठ्ठ्याचा एकच भाव सांगावा. एखादी रेकॉर्ड खरोखरच मौल्यवान निघाली तर तसे स्पष्ट सांगून तिचा वेगळा, योग्य मोबदला द्यावा. हा केवळ सचोटीचा प्रश्न नाही. बेळगाव अजून इतके लहान आहे, की रविवारच्या प्रार्थनेनंतर किंवा क्लबात ही गोष्ट पसरते आणि पुढचे दार त्यामुळेच उघडते.

चोर्ल्याच्या किंवा अनमोडच्या घाटाने खाली उतरले की गोवा, आणि इंग्रजी रेकॉर्डसाठी आपल्याला इतका जवळचा दुसरा प्रदेश नाही. जहाजांवर नोकरी करणाऱ्या गोवेकरांनी ब्रिटनच्या आणि इतर देशांच्या प्रेसिंग घरी आणल्या. म्हापशाचा शुक्रवारचा बाजार पहाटे गाठावा, पण हणजुण्याच्या बुधवारच्या बाजारात भाव पर्यटकांचे असतात हे लक्षात ठेवावे. पुण्याचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. मुंबईच्या चोरबाजारात, मटण स्ट्रीटवर, शुक्रवारची सकाळ महत्त्वाची. तिथल्या विक्रेत्यांना मात्र इंटरनेटवरील भाव आपल्याइतकेच पाठ असतात. कोलकात्याला जाणे झाले तर फ्री स्कूल स्ट्रीटवरील जुनी दुकाने चुकवू नयेत.

दर्जा आणि भाव

गोल्डमाइन या अमेरिकन नियतकालिकाने रूढ केलेली दर्जाची पद्धत जगभर वापरली जाते: मिंट, निअर मिंट, व्हीजी (व्हेरी गुड) प्लस, व्हीजी, गुड प्लस, गुड आणि त्याखालच्या पायऱ्या. यात ‘गुड’ दर्जाची रेकॉर्ड प्रत्यक्षात चांगलीच खरखरते, हे नव्या खरेदीदाराला कोणी सांगत नाही. त्याच पद्धतीनुसार व्हीजी प्लस प्रतीची किंमत निअर मिंटच्या साधारण निम्मी आणि व्हीजीची पाव धरतात. कव्हरला आणि रेकॉर्डला वेगळा दर्जा द्यायचा असतो. आपल्याकडील बहुतेक प्रती, हात आखडता न घेता पाहिल्या, तरी व्हीजीच्या वर जात नाहीत.

तपासताना रेकॉर्ड ट्यूबलाइटखाली तिरपी धरून हळूहळू फिरवावी. केसाएवढ्या बारीक रेघा पुष्कळदा ऐकू येत नाहीत, परंतु बोटाच्या पेराला हलकेच जाणवणारा ओरखडा हमखास ठोके देतो. मधल्या भोकाभोवती लेबलवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेघा असतील तर रेकॉर्ड पुष्कळ वाजवलेली आहे. चर काळेभोर आणि चमकदार न दिसता राखाडी, मंद दिसत असतील तर जड पिनने त्यांची झीज झाली आहे आणि धुण्याने ती भरून येणार नाही. डोळ्यांच्या पातळीवर धरून वाक पाहावा. कव्हरच्या शिवणी, कोपरे आणि पाण्याचे डाग शेवटी पाहावेत.

भावासाठी डिस्कॉग्स या संकेतस्थळावर त्या नेमक्या आवृत्तीच्या पानावर जावे. नेमक्या म्हणजे रन-आउटवरील खुणा जुळणाऱ्या. तिथे सध्या विक्रेते मागत असलेली किंमत न पाहता, प्रत्यक्ष झालेल्या विक्रीचा इतिहास पाहावा. विक्रेता काहीही मागू शकतो. मोठ्या लिलावांचे जुने भाव पॉपसाइक या संकेतस्थळावर मिळतात.

धुणे, ठेवणे आणि पावसाळा

आपल्याकडे रेकॉर्डचा खरा शत्रू जून ते सप्टेंबर असतो. बेळगावचा पाऊस आणि त्याहून खानापूर-जांबोटीकडचा पाऊस भिंतींत ओल आणतो. कव्हरांवर बुरशी धरते आणि ती चरांतही उतरते. रेकॉर्ड भिंतीला लागून, जमिनीवर किंवा पोटमाळ्यावर ठेवू नयेत. जमिनीपासून निदान वीतभर उंच, मागे हवा खेळती राहील अशा कपाटात, उभ्या आणि सरळ ठेवाव्यात. आडव्या चळतीत खालच्या रेकॉर्ड वाकतात आणि कव्हरवर गोल वळ उमटतो. कपाट लाकडी असेल तर वाळवीची पाहणी दर पावसाळ्यात करावी, आणि कव्हरच्या खळीवर येणाऱ्या कसरीसाठी कपाट महिन्यातून एकदा रिकामे करून कोरड्या फडक्याने पुसावे. सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात आणि ओल्या झाल्या की वाळवून पुन्हा वापराव्यात. डांबरगोळ्या ठेवू नयेत, कारण तो वास कव्हरातून वर्षानुवर्षे जात नाही. बाहेरचे प्लॅस्टिकचे पाकीट पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिइथिलीनचे असावे. मऊ पीव्हीसीच्या पाकिटामुळे रेकॉर्डवर धुरकट डाग पडतात.

धुण्यासाठी औषधाच्या दुकानात मिळणारे डिस्टिल्ड वॉटर घ्यावे, कारण बोअरच्या पाण्यातील क्षार चरांत वाळून बसतात. त्यात सुमारे पाचवा हिस्सा आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि भांडी घासण्याच्या साध्या, सुगंध नसलेल्या द्रवाचे एक-दोन थेंब मिसळावेत. मऊ ब्रशने चराच्या दिशेने, गोलाकार फिरवत धुवावे, लेबल कोरडे ठेवावे, नंतर नुसत्या डिस्टिल्ड वॉटरने पुन्हा धुऊन सावलीत उभी वाळवावी. उन्हात कधीही नाही. बुरशी धरलेली रेकॉर्ड बाकीच्यांपासून वेगळी, घराबाहेर धुवावी. लाखेच्या ७८च्या तबकडीला मात्र अल्कोहोलचा थेंबही लागू देऊ नये, कारण लाख त्यात विरघळते. बीटल्सची पार्लोफोन तबकडी उत्साहाच्या भरात धुऊन कायमची खराब करणे अगदी सोपे आहे.

यंत्राविषयी थोडक्यात. पिनचा दाब कमी-जास्त करता येईल, मॅग्नेटिक कार्ट्रिज (पिन बसवलेला, तिची कंपने विजेत बदलणारा भाग) लावता येईल आणि दाब दीड ते दोन ग्रॅमच्या आसपास ठेवता येईल असे टर्नटेबल घ्यावे. घरातील जुने एचएमव्ही फिएस्टा किंवा हल्ली मिळणारी सुटकेससारखी यंत्रे दुर्मीळ रेकॉर्डसाठी वापरू नयेत. त्यांचा सिरॅमिक कार्ट्रिज बराच जड दाबतो. ७८साठी पिन वेगळी, टोकाची त्रिज्या सुमारे तीन सहस्रांश इंच असलेली लागते. नातेवाइकांनी अमेरिकेतून आणलेले जुने टर्नटेबल नुसता ट्रान्सफॉर्मर लावून चालत नाही. त्याची मोटर साठ हर्ट्झच्या विजेसाठी असेल तर आपल्या पन्नास हर्ट्झवर मिनिटाला ३३⅓ ऐवजी जेमतेम अठ्ठावीस फेऱ्या होतात आणि सगळे गायक आळसावल्यासारखे गातात. त्यासाठी पुली बदलावी लागते.

बाहेरगावाहून मागवताना

परदेशी विक्रेत्याकडून घेताना टपालखर्च आणि भारतात भरावे लागणारे आयात शुल्क व कर आधी हिशोबात धरावेत. स्वस्त रेकॉर्ड एकटी मागवणे त्यामुळे परवडत नाही. तीन-चार एकत्र घ्याव्यात. विक्रेत्याला दोन गोष्टी लेखी सांगाव्यात: रेकॉर्ड कव्हरातून काढून, आतल्या पाकिटासह कव्हराच्या मागे ठेवावी, आणि दोन्ही बाजूंनी जाड पुठ्ठे लावावेत. प्रवासात रेकॉर्ड आतच राहिली तर तिच्या कडेने कव्हरची शिवण फाटते. रन-आउटचे छायाचित्र आधी मागावे आणि ते देण्यास टाळाटाळ करणाऱ्याकडून घेऊ नये. मुंबई-पुण्याहून ट्रॅव्हल्सच्या गाडीने पार्सल येणार असेल तर ते पावसाळ्यात मागवू नये, आणि इतर वेळीही डिकीत न टाकता वर केबिनमध्ये ठेवण्याची विनंती करावी. एप्रिल-मेच्या दुपारी गाडीच्या पेटाऱ्यात तापलेली रेकॉर्ड पुन्हा सपाट होत नाही.

खरेदी झाल्यावर त्याच दिवशी नोंद करावी. एका वहीत किंवा संगणकावर अल्बम, कलाकार, देश, क्रमांक, दोन्ही बाजूंचे संपूर्ण रन-आउट, रेकॉर्डचा व कव्हरचा दर्जा, आतील पोस्टर वगैरे साहित्य, कुठून घेतली आणि किती रुपयांना, एवढे लिहिले की पुरे. लेबलची आणि रन-आउटची छायाचित्रेही काढून ठेवावीत. पुढे विकताना किंवा अदलाबदल करताना ती उपयोगी पडतात. घरातील इतरांनाही ही वही कुठे आहे ते ठाऊक असावे, नाहीतर एखाद्या दिवाळीच्या आवराआवरीत सगळा संग्रह पुन्हा रद्दीवाल्याकडे जाईल. नोंदीचा अनुक्रमांक आतल्या कागदी पाकिटावर पेन्सिलीने लिहावा, कव्हरवर किंवा लेबलवर मात्र कोणत्याही शाईने काहीही लिहू नये.